चोकपेअरची मधली धार

प्रमोदिनी दळवीने आयुष्यात दारूचा एक थेंबही पोटात घेतला नाही. तरीही इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या त्या कोपऱ्यात, लेडबरी सोडून रस्ता टेकड्यांकडे वळतो तिथपासून पार खालच्या ओढ्यापर्यंत, दारूचं बरंवाईट सांगायला तिच्याइतकं भरवशाचं माणूस नव्हतं. हे कसं झालं ते सांगायचं, तर आधी तिच्या नाकाबद्दल सांगायला हवं.

नाक दिसायला साधंच, थोडं बसकं. पण उद्या नासणारं दूध तिला आजच कळायचं. शेजारीण दाराशी गप्पा मारत उभी असली, तर तिच्या घरातला केक करपायला लागल्याचं प्रमोदिनीच तिला सांगायची आणि घरी पिटाळायची. हेरफर्डच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने एकोणतीस वर्षं नोकरी केली. तिथे एखाद्या बाटलीवरची चिठ्ठी पुसली गेली की बरोबरची माणसं म्हणायची, "मिसेस दळवींना हुंगायला बोलवा." ती चेष्टा होती, पण अर्धीच.

हे नाक तिच्या वडिलांचं. गोव्याच्या डोंगराळ अंगाला, सत्तरी तालुक्यात, विश्राम गवसांची काजूची टेकडी होती आणि टेकडीच्या पायथ्याशी परवान्याची भट्टी. मार्च महिना लागला की बोंडं आपोआप गळायची. झाडावरचं बोंड तोडायचं नाही, गळेल तेच वेचायचं. मग ते तुडवायचं, रस तीन दिवस आंबू द्यायचा आणि चौथ्या दिवशी चुलीवर चढवायचा. विश्राम गवस स्वतः पीत नसत. ज्याला धार तोडायची त्याने प्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. भट्टीतून पहिल्यांदा येतं ते डोकं उठवणारं, ते फेकून द्यायचं. शेवटी येतं ते आंबूस आणि कळकट, तेही नको. मधली धार तेवढी खरी. पहिली कुठे संपली आणि शेवटची कुठे सुरू झाली, हे ज्याला क्षणावर कळतं तो भट्टीवाला, बाकीचे नुसते लाकडं जाळणारे. विश्रामना ते कळायचं, आणि त्यांच्या मागे त्यांच्या मुलीला.

एकाहत्तर साली लग्न होऊन ती डॉक्टर माधव दळवींबरोबर इंग्लंडला आली. चार वर्षांनी घरून पत्र आलं. टेकडी खनिजाच्या खाणीला गेली होती आणि सगळी झाडं एका आठवड्यात आडवी झाली होती. पत्र चार ओळींचं होतं, त्यातली एक ओळ तिच्या तब्येतीची विचारपूस करणारी. प्रमोदिनीने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि कामावर गेली. त्या दिवशी लॅबमध्ये तिला कसलाच वास आला नाही. हे तिने माधवना एकदाच सांगितलं, तेही वीस वर्षांनी.

माधव लेडबरीला जीपी होते. त्यांच्या जुन्या पेशंटांपैकी एक म्हणजे ऑस्टिन प्रीस. सत्तरी उलटलेला, विधुर, मेंढ्या पाळणारा आणि कमी बोलणारा शेतकरी. घरामागच्या उतारावर त्याची नऊ पेअरची झाडं होती. पेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाताला येणारं झाड येतं. ही तशी नव्हती. प्रीसच्या आजोबांच्या आजोबांनी लावलेली, साठ साठ फूट उंच, मगरीच्या पाठीसारख्या सालीची. फळ मात्र लिंबाएवढं. गावात त्याला चोकपेअर म्हणायचे, कारण ते घसा धरायचं. त्याची फक्त पेरी, म्हणजे पेअरची सायडर, आंबवलेल्या रसाची हलकी दारू व्हायची. एकदा डॉक्टरांची गंमत करायला म्हणून प्रीसने पिशवीभर पेअर दिले. माधवनी एक चावा घेतला आणि सिंककडे धावले. प्रमोदिनीने घेतला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. जीभ टाळूला चिकटली होती, घसा आवळला होता, आणि त्या आवळण्याच्या मागून सावकाश एक गोड वास वर येत होता. कच्चं काजूचं बोंड खाल्लं की हेच होतं. अगदी हेच.

दोन हजार चारच्या जानेवारीत प्रीसने दोघांना वॉसेलला, म्हणजे फळझाडांच्या जागराला बोलावलं. ती नुकतीच रिटायर झाली होती, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. साडेचारला अंधारून आलं तेव्हा वीस-पंचवीस माणसं कंदील घेऊन सर्वांत मोठ्या झाडाभोवती उभी होती. एका बाईने सायडरमध्ये भिजवलेला टोस्ट झाडाच्या बेचक्यात ठेवला. प्रीसने टोपी काढली आणि मगभर सायडर मुळाशी ओतली. मग सगळ्यांनी पातेली बडवली, वाईट ते पळून जावं आणि झाड पुढच्या साली भरून यावं म्हणून.

प्रमोदिनीच्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. तिच्या गावी भट्टी पेटवायच्या आधी हेच करत. राखणदाराच्या झाडाखाली भाकरीचा रोट ठेवायचा, मुळाशी फेणीची धार सोडायची आणि गाऱ्हाणं घालायचं. तिचे हात आपोआप जुळले आणि ती पुटपुटायला लागली, "बा देवा राखणदारा, ह्या झाडांची राखण कर महाराजा..."

"अगं, लोक बघतायत," माधव कुजबुजले.

"बघू देत. त्यांचं काय वेगळं चाललंय?"

बघणाऱ्यांत प्रीसही होता. "काय म्हणालात?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच. आमच्याकडे मात्र एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून साथ द्यायची असते. इथे कुणी दिली नाही."

प्रीस किंचित हसला. मग त्याने कंदील वर धरला आणि तेव्हा तिला बुंध्यावरची फुली दिसली. पांढऱ्या रंगाची, हातभर लांब. तिने बाजूच्या झाडाकडे पाहिलं. तिथेही होती. नऊच्या नऊ झाडांवर होती.

"आजचं शेवटचंच," प्रीस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पेअर घेणारी कंपनी आता घेत नाही म्हणते. मेंढ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. पुढच्याच महिन्यात लाकूडवाला येईल. पेअरचं लाकूड चांगलं असतं, त्याच्या बासऱ्या करतात."

माणसं पातेली आवरायला लागली. प्रमोदिनी मात्र पुढे झाली. "मिस्टर प्रीस, तुमचं हे फळ सायडरचं नाहीच. हे भट्टीचं फळ आहे."

"आणि हे कोण सांगतंय? मिसेस डी, तुम्ही तर मघापासून मगालाही हात लावला नाहीत."

"म्हणूनच मला कळतं. पिणाऱ्याला दुसऱ्या मगानंतर सगळंच गोड लागतं."

माणसं हसली. प्रीसला हसणं आवरेना. पण प्रमोदिनी हसत नव्हती, हे लक्षात आल्यावर तोही थांबला.

"एक हंगाम द्या मला," ती म्हणाली. "त्यातून काही निघालं नाही, तर करा बासऱ्या."

प्रीसने झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. "हंगाम देतो," तो म्हणाला. "फुल्या मात्र पुसणार नाही."

टेकडीपलीकडे जोन स्काइर्म नावाची बाई सफरचंदाची ब्रँडी गाळायची. पूर्वी शाळेत केमिस्ट्री शिकवायची. आता तिच्याकडे तांब्याचं एक भांडं, सरकारी परवाना आणि दोन मांजरं होती. प्रमोदिनी तिच्याकडे गेली, तिने पुढे ठेवलेले तीन पेले न चाखता नुसते हुंगले आणि सांगितलं, "हा पहिला बरा. दुसऱ्यात तू शेवटची धार पाच मिनिटं जास्त घेतलीस. तिसऱ्या वेळी तुला फोन आला होता का?"

जोनने तिच्याकडे बघितलं. "मुलीचा आला होता," ती म्हणाली. "भांडं एक दिवस देते. करपलं तर घासून द्यायचं."

ऑक्टोबरात पेअर गळायला लागले. इथेही तीच रीत, गळलेलंच वेचायचं. प्रमोदिनीला त्याचा केवढा आनंद झाला. साठाव्या वर्षी, रबरी बूट घालून, साडीऐवजी माधवची जुनी पँट चढवून ती ओल्या गवतात गुडघ्यांवर बसायची आणि वेचायची. माधव तिच्यामागे बादली घेऊन. "तीस वर्षं लोकांच्या पाठी तपासल्या," ते म्हणायचे, "आता माझी कोण तपासणार?" प्रीसच्या खळ्यातल्या दगडी चक्कीत फळ भरडलं, जुन्या दाबयंत्रात पिळलं, आणि रसाची तीन पिंपं भरली.

आणि मग तिने चूक केली. गोव्यातल्या सत्तरीचं माणूसच करेल अशी.

तिसरा दिवस संपला तशी तिने एक पिंप जोनकडे नेलं. जोन म्हणाली, "इतक्यात?" प्रमोदिनी म्हणाली, "तीन दिवस झाले की." ती हे इतक्या खात्रीने म्हणाली की पूर्वीच्या केमिस्ट्रीच्या बाईंनाच वाटलं, आपलं काहीतरी चुकत असेल. पिंप भांड्यात रिकामं झालं, आच लागली, आणि तासाभरात प्रमोदिनीच्या नाकाने तिला खरं ते सांगितलं. साखर करपत होती. रस आंबलाच नव्हता. सत्तरीतल्या एप्रिलच्या उन्हात तीन दिवसांत रस भांड्यात उकळ्या फुटाव्यात तसा फसफसतो. हेरफर्डशरच्या ऑक्टोबरात, सकाळी गवतावर दहिवर पडत असताना, तो नुसता झोपून राहिला होता. नळीतून दोन-चार पाणचट थेंब आले. भांड्याच्या तळाशी मात्र काळी चिक्की जमली.

दोन दिवस ती ते भांडं घासत होती. आधी लाकडी चमच्याने खरवडून, मग घरून आणलेल्या चिंचेच्या कोळाने. जोन दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "मी विकत घेतलं त्या दिवशीही हे इतकं चमकत नव्हतं." प्रमोदिनीला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती प्रीसकडे गेली. तो मेंढ्यांना चारा घालत होता.

"मी एक पिंप वाया घालवलं," ती म्हणाली. "थंडी माझ्या लक्षातच आली नाही. तेहतीस वर्षं या देशात राहतेय, आणि रस पिळताना मी अजून वडिलांच्या अंगणात होते."

प्रीसने चारा खाली ठेवला. "आमच्याकडे पिंपाला एप्रिलपर्यंत हात लावत नाहीत," तो म्हणाला. "रस हिवाळाभर हळूहळू जागा होतो."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं इथे."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने खाली ठेवलेला चारा उचलून मेंढ्यांपुढे टाकला. "तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "खरं सांगू? एकदाचं संपलं तर बरं, असंही वाटत होतं. दर वर्षी त्या झाडांखाली फळांचा सडा कुजताना बघायचा कंटाळा आला होता, मिसेस डी."

प्रमोदिनीला राग यायला हवा होता. पण तिला तिच्या वडिलांचा चेहरा आठवला. त्यांनाही कुणी शेवटी असंच दमवलं असेल, तो दमलेला चेहरा तिने बघितला नव्हता इतकंच. "दोन पिंपं उरलीयेत," ती म्हणाली. "मी तुम्हाला रागवत नाही. तुम्ही मला एप्रिल द्या."

प्रीसने त्याच संध्याकाळी लाकूडवाल्याला फोन केला आणि एप्रिल संपेपर्यंत थांबायला सांगितलं.

तो हिवाळा प्रमोदिनीने दोन पिंपांबरोबर काढला. दर रविवारी ती प्रीसच्या खळ्यात जायची आणि पिंपाला कान लावून बसायची. आतून बारीक आवाज यायचा, चुळबुळ केल्यासारखा, बाळ झोपेत ओठ हलवतं तसा. थंडी वाढली की तो थांबायचा आणि हिचाही जीव थांबायचा. प्रीस तिला कपभर चहा आणून द्यायचा आणि काही न बोलता शेजारी बसायचा. मँचेस्टरला राहणारी मुलगी, आश्लेषा, फोनवर म्हणायची, "आई, तू सिरियसली दारू बनवते? बाबांना पाहिजे का ती?"

"तुझ्या बाबांना नको. झाडांना हवीय."

"ओके, हे मी ऑफिसमध्ये सांगणार नाही."

एप्रिल आला. जोनने सोळा तारखेचा शनिवार दिला. त्यानंतर तिचं स्वतःचं काम सुरू होणार होतं आणि महिनाअखेरीला लाकूडवाला येणार होता. म्हणजे सोळा तारीख एकच. आणि बारा तारखेला प्रमोदिनी तापाने आडवी झाली.

ताप दोन दिवसांत उतरला. पंधरा तारखेला सकाळी तिने वरणाला फोडणी घातली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हिंग घालायचा राहिला का? नाही, घातला होता. तिने डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. पालथी करून तळहातावर घेतली, तळहात नाकावर दाबला. काहीच नाही. नुसतं पांढरं पीठ हातावर घ्यावं, तसं.

माधव आले तेव्हा ती खुर्चीत बसली होती आणि स्वयंपाकघरभर डब्या उघड्या होत्या. त्यांनी डॉक्टरांसारखंच सांगितलं, "येतो परत. दोन आठवड्यांत, तीन आठवड्यांत. सर्दीच्या व्हायरसने होतं असं." मग नवऱ्यासारखं सांगितलं, "प्रीसला फोन करून सांग. नाही म्हण. कुणी तुला नावं ठेवणार नाही."

"तीन आठवड्यांत ती झाडं बासऱ्या झालेली असतील."

"मग जोनला धार तोडू दे."

"जोनचं नाक सफरचंदाचं आहे. ती चांगली आहे हो, पण चोकपेअरची शेवटची धार गोड बोलते. फसवते." ती बराच वेळ तळव्यावरच्या हिंगाकडे बघत बसली. मग तिने तो तळवा दुसऱ्या तळव्यावर सावकाश चोळला, आणि पुन्हा चोळला. "अहो," ती म्हणाली, "ग्लॉस्टरला जाऊन मला दोन नारळ आणून द्या. वाजवून घ्या. मागच्या वेळचा कुजका निघाला होता."

माधवना काही कळलं नाही, पण चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की या आवाजात सांगितलेलं काम आधी करायचं आणि नंतर विचारायचं.

शनिवारी सकाळी जोनच्या शेडमध्ये चौघं जमली. प्रीसने रविवारचा कोट घातला होता. भांड्याखाली आच पेटायच्या आधी प्रमोदिनी म्हणाली, "एक सांगायचंय. आज मला नाक नाही. वासच येत नाही."

जोनचं मांजर पिंपावरून उतरलं आणि बाहेर गेलं.

"मग हुंगणार कोण?" प्रीसने विचारलं.

"कुणी नाही. माझ्या वडिलांना दर पावसाळ्यात पडसं व्हायचं, आणि उशिराची बोंडं तेव्हाही गाळायची असायची. ते हातांनी तोडायचे धार. मी बघितलंय. स्वतः कधी केलेलं नाही."

प्रीसने टोपी काढली आणि हातात धरली. "म्हणजे माझी झाडं आज तुमच्या तळव्यांवर उभी आहेत," तो म्हणाला.

"हो," प्रमोदिनी म्हणाली. तिने तो जडपणा हलका करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

नारळ फोडले, खोबरं काढलं, करवंट्या घासून पुसून ठेवल्या. आच लागली. भांडं तापलं, नळी तापली, आणि पाऊण तासाने पहिला थेंब पडला. तिने पहिली धार करवंटीत घेतली, दोन थेंब तळव्यावर टाकून चोळले. ते फूऽ केल्यासारखे उडून गेले आणि मागे नुसता बर्फाचा गारवा राहिला, लॅबमधल्या स्पिरिटसारखा. हे फेकायचं. फेकायच्या आधी ती शेडच्या दारात गेली आणि ती करवंटी बाहेरच्या मातीत ओतली.

"बा देवा राखणदारा, आज तुझ्या लेकरांनी तुझी याद केली महाराजा. ह्या नऊ झाडांवर कुणाची वाईट नजर असेल, कुऱ्हाड असेल, तर ती परती फिरव महाराजा."

"व्हय महाराजा," मागून माधव म्हणाले. त्यांनी हे शेवटचं कधी म्हटलं असेल, त्यांनाही आठवलं नसतं. आणि त्यांच्या मागून, अर्ध्या सेकंदाने, अडखळत, प्रीसचा जाड आवाज आला, "व्हाय माराजा."

प्रमोदिनी परत भांड्याशी बसली. आता ती एका करवंटीतून दुसऱ्या करवंटीत धार उंचावरून सोडायची आणि बुडबुडे बघायची. विश्राम गवस त्यांना मोती म्हणत. सुरुवातीचे मोती मोठे, टपोरे, लगेच फुटणारे. ती चोळायची, नाही म्हणायची, फेकायची. जोन अधूनमधून हुंगायची आणि गप्प राहायची. मग एकदा मोती बारीक झाले आणि करवंटीच्या काठाला हारासारखे चिकटून राहिले. तिने तळवे चोळले. या वेळी गारवा नव्हता. हात कोरडे झाले, पण सगळं उडून गेलं नाही. पिकल्या फळाच्या सालीवर बोट फिरवावं तसं काहीतरी मऊ मागे राहिलं. तिने डोळे मिटले. पुन्हा चोळले.

"आता," ती म्हणाली. जोनने खालचं भांडं बदललं.

त्यानंतर तासभर मधली धार खालच्या भांड्यात पडत राहिली. प्रमोदिनीचे तळवे लाल झाले होते, कातडीला भेगा पडायला लागल्या होत्या. दर दोन मिनिटांनी तिचं तेच चाललं होतं, ओतणं, मोती, चोळणं. मग अचानक ती थांबली. "बस. तोड."

"इतक्यात?" जोन म्हणाली. ऑक्टोबरात म्हणाली होती तसंच. "प्रमो, अजून चांगलं येतंय. मला वास येतोय ना, गोड आहे. अजून दोन बाटल्या निघतील."

प्रमोदिनी गोंधळली. ऑक्टोबरात जोनचा प्रश्न बरोबर होता आणि तिची खात्री चूक. तिने पुन्हा एकदा तळवे चोळले. अगदी पातळ, अगदी बारीक असा एक चिकटपणा बोटांच्या पेरांत होता, मघाशी नव्हता तो. वडिलांचे हात तिला आठवले, धार तोडल्यावर लुंगीला पुसलेले.

"मला वास येत नाहीये, म्हणून तो मला फसवूही शकत नाही," ती म्हणाली. "तोड."

जोनने भांडं बदललं. निघालं ते मोजकंच, तळाशी थोडं. जोनने त्यात पाणी घालून पेला भरला आणि प्रीसपुढे धरला. त्याने हुंगलं. घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, खिडकीबाहेर बघत. मग त्याने लहान बाटलीत थोडं मागून घेतलं, टोपी घातली आणि "नंतर बोलतो" एवढं म्हणून निघून गेला.

"छान झालंय गं," जोन म्हणाली. पण जोन मनाने चांगली होती. चांगल्या माणसांच्या अशा बोलण्यावर किती विसंबायचं, हे प्रमोदिनीला ठाऊक होतं. आणि तिला स्वतःला आपण काय केलंय ते कळायची सोय नव्हती. घरी आणलेली बाटली ती रोज उघडायची, नाकाशी धरायची, आणि बंद करायची. पाणी हुंगल्यासारखं. माधव म्हणाले, "एक चमचा जिभेवर ठेवून बघ ना." तिने मान हलवली. वडिलांचा नेम तिला या वयात मोडायचा नव्हता. आठवडा गेला. प्रीसचा फोन आला नाही. अठ्ठावीस तारीख उजाडली.

मग तिच्याने राहवेना. ती बूट घालून एकटीच निघाली. कुंपणाचं फाटक उघडून उतारावर आली आणि थबकली. नऊच्या नऊ झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पांढरी झाली होती. एवढाल्या उंच झाडांवर एवढंसं बारीक फूल, जणू आभाळातून कुणी चाळणीने सोडलं असावं. मधल्या झाडाला शिडी लावलेली होती. शिडीवर प्रीस होता, हातात तारेचा ब्रश. तो बुंध्यावरची फुली घासत होता. खालच्या चार झाडांच्या साली आधीच मोकळ्या झाल्या होत्या.

त्याने तिला पाहिलं, पण हात थांबवला नाही. "रंग सालीला बरा नसतो," तो म्हणाला.

प्रमोदिनी एका मोकळ्या झालेल्या सालीवरून हात फिरवत उभी राहिली.

"रोज एक घोट घेत होतो," प्रीस वरूनच म्हणाला. "पहिल्या दिवशी वाटलं, मला चांगली लागायला हवीय म्हणून लागतेय. मग ठरवलं, आठवडाभर वाट बघायची. कधीतरी वाईट लागेल." ब्रश सालीवर खरखरला. "नाही लागली. जोनला सांगितलंय, पुढल्या एप्रिलमध्ये तुमच्या कामाला एक दिवस राखून ठेव म्हणून."

वारा उतारावरून वर आला आणि पांढरी फुलं हलली. आणि त्या वाऱ्याबरोबर काहीतरी तिच्या नाकाशी आलं, खूप लांबून, एखादं दार उघडावं तसं. खारट. ओलं. घरचं. तिने इकडे तिकडे पाहिलं. मासळी? इथे, समुद्रापासून एवढ्या आत? तिने एक फांदी खाली ओढली आणि फुलांत चेहरा घातला.

"मिस्टर प्रीस," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, "तुमच्या फुलांना सुकटीचा वास येतो."

"कसला?"

"वाळवलेल्या मासळीचा."

प्रीसने ब्रश थांबवला. "दोनशे वर्षं येतोय," तो म्हणाला. "आम्ही पाहुण्यांना सांगत नाही."

प्रमोदिनीने पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले, आणि पुढे होऊन त्याची शिडी धरली. अजून चार झाडं बाकी होती.